जीलिबसी बदलली आणि जुना एम४ बिल्ड होईना. दुरुस्ती नेमकी कुणी करायची?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका उपकरणाचा एसडीके, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बांधायचा संच, आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीने तो २०१८च्या सुरुवातीला दिला. त्यात एम४ (मजकुराचे साचे उलगडणारा), बायसन (पार्सर बनवणारा), फाइंडयुटिल्स (फाइली शोधणारी), ऑटोकॉन्फ (मशीनवर काय आहे ते तपासणारे कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारा) ही सगळी हत्यारं आधी सोर्समधून बिल्ड होतात, मग त्यांच्या जोरावर क्रॉस कंपायलर (आमच्या मशीनवर चालून उपकरणासाठी कोड बनवणारा), मग कर्नल आणि बाकीचं. व्हर्जन सगळ्या गोठवलेल्या आहेत: एम४ १.४.१८, बायसन ३.०.४, फाइंडयुटिल्स ४.६.०. उबुंटू १८.०४ वर हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. गेल्या महिन्यात बिल्ड सर्व्हर २२.०४ वर नेला. त्याबरोबर जीलिबसी, म्हणजे ग्नूची सी लायब्ररी, २.२७ वरून थेट २.३५ वर गेली.

पहिल्याच पायरीला एम४ अडकला. एररचा मजकूर असा की फ्रीडअहेड ही फाइल तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा आणि ग्नूलिबवाल्यांना (ग्नूच्या प्रोग्रॅमांची सामायिक सोर्स सांभाळणाऱ्यांना) कळवा. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. ग्नूचा प्रोग्रॅम, ग्नूचीच सी लायब्ररी, मग प्लॅटफॉर्म अनोळखी कसा? दोन रात्री कंपायलरचे पर्याय बदलून पाहण्यात गेल्या. शेवटी इंटरनेटवर सापडलेल्या दोन ओळींच्या पॅचने ती फाइल सुटली, तर लगेच सी-स्टॅक नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी सोर्स चाळणारा) म्हणाला की कंसाच्या आधी बायनरी ऑपरेटर नाही. आगीतून फुफाट्यात.

माझे प्रश्न दोन. पहिला कामाचा: उपकरणाची तपासणी होऊन मंजुरी मिळालेली आहे, त्यामुळे शेवटी तयार होणारं फर्मवेअर, म्हणजे उपकरणात जाणारं सॉफ्टवेअर, बदललेलं मला चालणार नाही. अशा वेळी एम४ नवा घ्यावा की जुन्यालाच पॅच लावावा?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. आमच्या टीमच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, मूळ लायब्ररीने मागची सुसंगती मोडायचीच नाही, जगभराचे बिल्ड तिच्यावर उभे आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, जी नावं तुमच्यासाठी नव्हतीच ती वापरलीत तर भोगा. मला दोघांचंही पटलं, आणि तेच मला खटकतंय. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

टर्मिनल

पहिल्या प्रश्नापुरतं: १८.०४चा कंटेनर, म्हणजे त्याच मशीनवर जुन्या सिस्टिमची वेगळी खोली, करा, त्यात बिल्ड करा, विषय संपला. माझे दोन जुने प्रकल्प असेच चालतात. फक्त ती इमेज आणि तिच्यातली पॅकेजं आत्ताच स्वतःकडे उतरवून ठेवा. १८.०४चा नेहमीचा सपोर्ट २०२३मध्ये संपला आहे, उद्या मिरर हलले तर पुन्हा धावपळ.

रात्रपाळी

धन्यवाद. कंटेनर आजच्यापुरता केला, काम सुरू झालं. पण सुरक्षा पाहणारे लोक सपोर्ट संपलेली इमेज फार दिवस ठेवू देणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला हे समजून न घेता झाकून ठेवायचं नाहीये.

गाठोडं

तुम्ही दोन वेगवेगळ्या भांडणांत एकाच दिवशी सापडलात, म्हणून गुंता मोठा वाटतोय. मी बारा वर्षं लिनक्सच्या एका डिस्ट्रोसाठी (वितरणासाठी) पॅकेजं बांधतो. ही दोन्ही प्रकरणं घडत होती तेव्हा मी त्यांच्या मधोमध होतो. त्यांच्यात तीन वर्षांचं अंतर आहे. तुम्ही २.२७ वरून २.३५ वर उडी मारलीत, म्हणून ती तुम्हाला पाठोपाठ लागली.

पहिलं फ्रीडअहेडचं. एखादा प्रोग्रॅम स्टँडर्ड इनपुट वाचतो तेव्हा लायब्ररी पुढचा मजकूरही बफरमध्ये ओढून ठेवते. प्रोग्रॅम मध्येच थांबला तर तो न वापरलेला भाग मागे ठेवायला हवा, नाहीतर त्याच इनपुटवर पुढे येणाऱ्या प्रोग्रॅमला तो मिळणारच नाही. त्यासाठी एकच गोष्ट कळायला हवी: बफरमध्ये अजून किती बाइट शिल्लक आहेत? सीच्या मानकात हे विचारायची सोय नाही आणि जीलिबसीनेही तेव्हा ती दिलेली नव्हती. म्हणून ग्नूलिबने फाइल स्ट्रक्चरच्या आतले पॉइंटर घेऊन सरळ वजाबाकी केली.

आत हात घालायचा तर घर कुणाचं आहे ते आधी ओळखावं लागतं. जीलिबसीचा व्हर्जन मॅक्रो (कंपाइलच्या आधी दुसऱ्या मजकुराने बदललं जाणारं नाव) पाहून भागत नाही, कारण यूक्लिबसी ही दुसरी सी लायब्ररी तोच मॅक्रो स्वतःही जाहीर करते आणि तिचं फाइल स्ट्रक्चर निराळं आहे. मग ग्नूलिबने खूण म्हणून अंडरस्कोरने सुरू होणारा एक खासगी मॅक्रो धरला, फाइलच्या लॉकशी संबंधित, नावात ‘एफट्रायलॉकफाइल’ असलेला. स्वतः लॉकशी ग्नूलिबला काही देणंघेणं नव्हतं. मॅक्रो दिसला की समजायचं, आपण जीलिबसीच्या घरात आहोत. तो मॅक्रो लिबआयओच्या हेडरमध्ये (सोर्समध्ये ओढून घ्यायच्या घोषणांच्या फाइलमध्ये) होता आणि स्टँडर्ड आयओच्या हेडरबरोबर आपसूक आत यायचा. २०१८च्या ऑगस्टमध्ये जीलिबसी २.२८ आली, तिने ते हेडर बाहेरच्यांसाठी बंद केलं आणि खूण पुसली गेली. म्हणून तुमच्या एम४ला स्वतःचंच घर ओळखता आलं नाही.

इथवर वाचून वाटेल की टूलचं चुकलं. पण ग्नूलिबने यावरची दुरुस्ती २०१८च्या मार्चमध्येच करून ठेवली होती, २.२८ यायच्या पाच महिने आधी! वरच्या आणि खालच्या मंडळींचं एकमेकांकडे लक्ष होतं. कुणी झोपलेलं नव्हतं.

मग तुम्हाला इतक्या वर्षांनी ठेच का लागते? कारण ग्नूलिब लिंक करायची लायब्ररी नाही. तिच्या सोर्स फाइली प्रत्येक प्रकल्प आपल्या टारबॉलमध्ये (रिलीज केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात) कॉपी करून घेतो. एम४ १.४.१८ हा २०१६ सालच्या शेवटच्या दिवशी आला, त्याच्या पोटात २०१६ची ग्नूलिब. पुढचा १.४.१९ आला थेट २०२१च्या मे महिन्यात. दुरुस्ती मार्च २०१८मध्ये तयार आणि लोकांच्या हातात तीन वर्षांनी. एम४ तर असा की तो नसला तर ऑटोकॉन्फ चालत नाही, बायसन चालत नाही. मधल्या काळात प्रत्येक डिस्ट्रो आणि प्रत्येक एसडीके तेच ठिगळ आपापल्या हाताने शिवत बसला. मी ते एम४ला लावलं, बायसनला लावलं, जीझिपला लावलं. फाइंडयुटिल्सला त्याच दिवशी दोन लावावी लागली, कारण डिव्हाइस नंबरचे मेजर आणि मायनर हे मॅक्रोही २.२८ने टाइप्सच्या हेडरमधून काढून सिसमॅक्रोजच्या हेडरमध्ये कायमचे हलवले होते.

त्या मेजर-मायनरवर जरा थांबतो, कारण तिथे ऑटोकॉन्फचा पेच फार शिकण्यासारखा आहे. जीलिबसीने २.२५ पासून, म्हणजे २०१७पासून, जुन्या जागेवरून हे मॅक्रो वापरले की वॉर्निंग द्यायला सुरुवात केली. ऑटोकॉन्फची चाचणी विचारायची, टाइप्सच्या हेडरमध्ये मेजर सापडतो का? सापडत होता. उत्तर ‘हो’. त्यामुळे ती नव्या हेडरकडे वळायचीच नाही आणि प्रत्येक बिल्डमध्ये वॉर्निंग पडत राहायची. ज्यांनी वॉर्निंगला एरर मानायचा पर्याय लावला होता त्यांचे बिल्ड तिथेच थांबले. लायब्ररीचं बरोबर, चाचणीचंही बरोबर, आणि तरी मधला माणूस अडकलेला. ऑटोकॉन्फमधली सुधारणा २.७० मध्ये लोकांपर्यंत आली, डिसेंबर २०२०. त्याआधीचा २.६९ हा २०१२चा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. जीलिबसीचं वचन आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमला आहे, आणि ते ती निष्ठेने पाळते. २०१०मध्ये मेमकॉपी (मेमरीचा तुकडा कॉपी करणारं फंक्शन) वेगवान करताना कॉपीची दिशा बदलली आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला, कारण त्यात एकमेकांवर चढलेल्या जागा मेमकॉपीने हलवल्या जात होत्या आणि मानकात ते निषिद्ध आहे. चूक वापरणाऱ्याची होती. तरीही जीलिबसीने २.१४ मध्ये मेमकॉपीला नवी सिम्बॉल व्हर्जन (सिम्बॉल म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम ज्या नावाने फंक्शन शोधतो ते) दिली आणि ६४-बिट इंटेलवर जुन्या २.२.५ च्या सिम्बॉलमागे सुरक्षित वागणूक ठेवली. तुमचा २००९चा प्रोग्रॅम आजही तीच जुनी मेमकॉपी घेतो.

हेडरला अशी सोय नाही. सिम्बॉलच्या दोन व्हर्जन शेजारी शेजारी नांदतात, हेडर मात्र एकच, आज आहे ते. सोर्समधून बिल्ड करणाऱ्याला म्हणूनच ते वचन लागू होत नाही, आणि बिल्ड टूल म्हणजे तर निव्वळ सोर्समधून बिल्ड करणारा प्राणी. तुमच्या बैठकीतले दोघे बोलत होते ते वेगवेगळ्या वचनांबद्दल.

माझं मत विचाराल तर खासगी नावं काढायचा लायब्ररीला पूर्ण अधिकार आहे. पण दार बंद करताना, लोक त्या दारातून काय आणायला येत होते हे बघून ती वस्तू बाहेर ठेवावी. मस्ल या छोट्या सी लायब्ररीने ग्नूलिबच्या गरजेसाठी फ्रीडअहेड नावाचं फंक्शनच देऊन टाकलं, तिथे आत डोकवावंच लागत नाही. जीलिबसी २.२८ने खूण काढली, फंक्शन दिलं नाही. परिणाम काय झाला तर ग्नूलिबने एका अंतर्गत बिटची किंमत, हेक्समध्ये १००, आपल्या फाइलमध्ये हाताने लिहून ठेवली. आधी निदान नावाने विचारत होते, आता आकडा पाठ करून ठेवलाय. तो चालतो, कारण जुन्या बायनरींसाठी फाइल स्ट्रक्चरची मांडणी बदलता येत नाही. पण याला मी सुधारणा म्हणणार नाही. आणि जे प्रकल्प सोर्स कॉपी करतात, त्यांनी कॉपीतली अशी दुरुस्ती आली की छोटं का होईना, रिलीज काढलंच पाहिजे. साडेचार वर्षं टारबॉल न काढणं हे मला वरच्या बदलापेक्षा जास्त लागलं.

कामाचं: एम४ १.४.१९ घ्या. तो तुमच्या उपकरणात जात नाही, बिल्ड करणाऱ्या मशीनवरच चालतो. कंटेनरमध्ये जुन्या एम४ने आणि बाहेर नव्याने, सगळे कॉन्फिगर स्क्रिप्ट पुन्हा तयार करा आणि बाइटला बाइट ताडून पाहा. बायसन मात्र बदलू नका, पॅच लावा. बायसनची व्हर्जन बदलली की त्याने तयार केलेला पार्सर बदलतो आणि तो तुमच्या फर्मवेअरमध्ये जातो.

सिग्नल

वर दुसरं भांडण राहिलं, ते मी सांगतो. मी लायब्ररीच्या बाजूचा आहे, एका छोट्या रनटाइमचा मेंटेनर.

सी-स्टॅकमध्ये अडलेला मॅक्रो आहे सिग्नल हँडलरच्या (प्रोग्रॅमला मध्येच आलेल्या सूचनेला उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या) पर्यायी स्टॅकचा, म्हणजे कामापुरत्या मेमरीचा, आकार. इंटेलवर तो वर्षानुवर्षं ८१९२ होता आणि किमान आकाराचा मॅक्रो २०४८. सिग्नल आला की कर्नल प्रोसेसरची सगळी रजिस्टर त्या स्टॅकवर उतरवतो. एव्हीएक्स-५१२ या इंटेलच्या विस्ताराची ३२ रजिस्टर, प्रत्येकी ६४ बाइट. गुणाकार करा: २०४८. किमान स्टॅक तेवढ्यानेच भरला, हँडलरला एक बाइट उरला नाही. पुढे एएमएक्स हा आणखी एक विस्तार आला, त्याच्या ८ टाइल, प्रत्येकी १ केबी. पुन्हा गुणाकार: ८१९२. नेहमीचा स्टॅकही गेला. आकार आता प्रोसेसरवर ठरतो, कंपाइल करताना तो माहीतच नसतो. म्हणून २.३४ मध्ये, ऑगस्ट २०२१, तो मॅक्रो सिसकॉन्फला (चालू सिस्टिमची माहिती देणाऱ्या फंक्शनला) विचारणारा फंक्शन कॉल झाला. प्रीप्रोसेसरच्या तुलनेत फंक्शन कॉल चालत नाही, म्हणून तुमची एरर.

जुना आकडा तसाच ठेवला असता तर तुमचा बिल्ड हसत पार पडला असता आणि एखाद्या नव्या मशीनवर सिग्नल आल्यावर शेजारच्या मेमरीवर लिहिलं गेलं असतं. असा बग मी एकदा तीन आठवडे शोधलाय. बिल्ड मोडला तर निदान ओळ नंबर मिळतो. शिवाय २.३४ने हे सरसकट केलेलं नाही. त्यासाठी ठेवलेला खास मॅक्रो किंवा ग्नू-सोर्स हा जादा सोयी उघडणारा मॅक्रो तुम्ही लावला असेल तरच आकार बदलता होतो.

गाठोडं

बदल व्हायलाच हवा होता, यावर माझं दुमत नाही. तुमचा २०४८चा हिशोब मी जपून ठेवणार आहे. पण ‘तुम्ही ग्नू-सोर्स लावला असेल तर’ यावर अडतो. जी++ हा सी++चा कंपायलर तो मॅक्रो लिनक्सवर स्वतःहून लावतो. ऑटोकॉन्फचा सिस्टिम एक्स्टेन्शन्सचा मॅक्रो तो लावतो. जवळजवळ सगळ्यांना तो लागलेला आहे आणि त्यातल्या फारच थोड्यांनी तो विचार करून निवडला आहे. कॅच२ ही टेस्ट लायब्ररी पाहा: तिने स्टॅक ३२७६८ चा, म्हणजे पुरेसा मोठा घेतला होता. फक्त किमान आकाराशी तुलना कंपाइलच्या वेळी करत होती, तेवढ्यावर मोडली. आणि तिचं एकच हेडर हजारो प्रकल्पांनी कॉपी करून ठेवलेलं. पुन्हा तीच गोष्ट, दुरुस्ती मूळ जागी झाली आणि कॉपी जागच्या जागी. खास मॅक्रो केला होताच, तर पहिली काही वर्षं तेवढ्यावरच ठेवायचं होतं.

सिग्नल

तसं केलं असतं तर तो कुणी लावला असता? पण जी++चा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

चाक

पायथॉनकडून एक भर. २०२५च्या मार्चमध्ये पॅकेज बांधायच्या हत्याराचं, सेटअपटूल्सचं, ७८ आलं आणि सेटअप-सीएफजी फाइलमध्ये डॅश घातलेली जुनी नावं, जसं डिस्क्रिप्शन-फाइल, थेट एरर झाली. आमचा रात्रीचा बिल्ड मेला. आम्ही स्वतःच्या वातावरणात सेटअपटूल्सची व्हर्जन बांधून ठेवली होती, तरी मेला! कारण पॅकेजं बसवणारा पिप सोर्समधून पॅकेज बांधताना वेगळं वातावरण उभं करतो आणि पॅकेजने वरची मर्यादा घातली नसेल तर तिथे सगळ्यात नवं सेटअपटूल्स उतरवतो. काही तासांतच मेंटेनरांनी तो बदल मागे घेतला.

त्यांचं म्हणणं होतं की २०२१पासून वॉर्निंग देत होतो. खरंच देत होते. पण पिप बिल्डचा मजकूर यशस्वी झाला तर दाखवतच नाही, मुद्दाम मागावा लागतो. चार वर्षं वॉर्निंग छापली जात होती आणि कुणाच्या डोळ्यांपर्यंत येत नव्हती. शिवाय ती ज्याच्या मशीनवर आली असती तो पॅकेज वापरणारा, लिहिणारा नव्हे. लिहिणाऱ्याने तर शेवटचं रिलीज केव्हाच काढून झालेलं.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. गाठोडं, तुम्ही म्हणालात तसंच केलं. एम४ १.४.१९ घेतला. कंटेनरमधल्या जुन्या एम४ने आणि या नव्याने ४१ पॅकेजांचे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून ताडले, एका बाइटचाही फरक नाही. बायसन आणि फाइंडयुटिल्सला पॅच लावले. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर लिहून ठेवलं की तो जीलिबसीच्या कोणत्या व्हर्जनमुळे लागला आणि मूळ प्रकल्पाच्या कोणत्या रिलीजनंतर काढून टाकता येईल. फर्मवेअर पूर्वीसारखंच निघालं. कंपनीला पॅच पाठवले, त्यांचं उत्तर आलं की या एसडीकेचं काम बंद झालंय.

बैठकीत सिम्बॉल आणि हेडरचा फरक फळ्यावर काढून दाखवला. लायब्ररीला दोष देणारे गृहस्थ बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मग आपल्यासारख्यांना वचन कोण देतं? मला उत्तर देता आलं नाही.

गाठोडं

त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. सोर्सवाल्यांना वचन देतं ते फक्त मानक आणि कागदोपत्री जाहीर केलेली फंक्शन्स, बाकी कुणी नाही.

एक काळजी घ्या, पुढच्या उडीच्या आधी. जीसीसी या ग्नूच्या कंपायलरच्या १४ने, मे २०२४, जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही वॉर्निंग न ठेवता एरर केली. सी ९९ने ते भाषेतून १९९९मध्येच काढलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. धोका कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये आहे. जुन्या, हाताने लिहिलेल्या चाचण्यांत हेडर घ्यायचं राहिलेलं असतं. आता त्या कंपाइल होत नाहीत आणि स्क्रिप्ट समजते की ही सोय या मशीनवर नाहीच. बिल्ड मोडत नाही, पार पडतो. तुमच्या फर्मवेअरमधून एखादी गोष्ट न बोलता गळून जाते. क्रॉस कंपायलर जुना आहे तोवर उपकरणाची पॅकेजं सुरक्षित आहेत, पण मशीनवरची हत्यारं नव्या कंपायलरने बांधली जातील. आजच्या बिल्डमधल्या सगळ्या कॉन्फिग हेडर फाइली (चाचण्यांची ‘आहे-नाही’ उत्तरं ज्यात लिहिली जातात त्या) आत्ताच बाजूला काढून ठेवा, नंतर ताडायला.

रात्रपाळी

काल रात्री काढून ठेवल्या. आणि राहवलं नाही म्हणून एका वेगळ्या कंटेनरमध्ये जीसीसी १४ टाकून मशीनवरची हत्यारं बांधून पाहिली. सगळी बांधली गेली, एकही एरर नाही. मग हेडर ताडले. एका पॅकेजमध्ये तीन ओळी ‘आहे’च्या ‘नाही’ झाल्यात. त्या चाचण्या आता उघडून बसले आहे.